ताठ करंगळी

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी काचा घासतो. लोकांना नीट दिसावं म्हणून पगार घेणारा माणूस मी. तेव्हा पुढे जे सांगतो आहे, त्यावर हसायचा हक्क आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे.

पत्त्यांची जादू हे माझं दुसरं काम. मनातून पहिलंच. आम्हा हौशी जादूगारांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. सव्वादोनशे माणसं, सगळी एकमेकांना ‘वा!’ लिहिणारी आणि लिहून झाल्यावर नाक मुरडणारी. तिथे कायदा एकच. चाल कोणाकडून शिकलात, ते व्हिडिओखाली पहिल्या ओळीत लिहायचं. नाही लिहिलं तर चोर. जादूवर शिक्का मारता येत नाही, एकदा उमगली की उमगली. मग धन्याकडे उरतं काय, तर नाव.

माझ्या नावावर एक चाल होती. एकच. पानं वाटताना वरचं न देता तळाचं सरकवायचं ही लबाडी जुनीच आहे, पण ते करताना मी डाव्या हाताची करंगळी ताठ बाहेर काढायचो. बघणाऱ्याची नजर करंगळीवर जाते आणि तळ मोकळा राहतो. या शोधावर मी ग्रुपवर चार परिच्छेद खरडले होते. ‘करंगळी ही हाताची दुर्लक्षित नागरिक आहे’ हे वाक्य त्यातलंच. बायकोने व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, “मघापासून करंगळी दाखवतोयस. जाऊन ये ना मग.” घरच्यांना कलेची कदर नसते, असं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. तारीख घालून.

ग्रुप चालवतात त्यांना आम्ही पंच म्हणतो. यंदा पंच सदस्यांच्या स्वतःच्या चालींचं पुस्तक काढणार होते. बारा चाली, त्यातली सातवी माझी. पुस्तकासाठी मी मुद्दाम फोटो काढून घेतला. हनुवटीखाली हात, चेहऱ्यावर चिंतन, करंगळी ताठ.

त्याच आठवड्यात एका नव्या सदस्याने व्हिडिओ टाकला. चेहरा नाही, फक्त बाईचे दोन हात. पानं वाटली जातायत, तळाचं पान सरकतंय, आणि करंगळी ताठ. खाली एक ओळ: ‘एका बाईंकडून शिकले. नाव सांगता येत नाही.’

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, “चाल उचललीत, ती करंगळीसकट? नक्कल करायलाही अक्कल लागते.”

उत्तर अगदी शांतपणे आलं. “मी फिजिओथेरपिस्ट आहे. मनगटाच्या व्यायामासाठी एका पेशंटना पत्ते वाटायला लावते. त्यांनीच शिकवलं. त्यांची करंगळी वाकत नाही, तरुणपणी मशीनमध्ये सापडली होती. मी पाहिलं तसं शिकले. तुमच्या करंगळीला काय झालंय?”

सव्वादोनशे माणसांसमोर. मी फोन उलटा ठेवला आणि करंगळी वाकवून पाहिली. वाकली. छान वाकली. त्रेचाळीस वर्षांत तिला साधं खरचटलंही नव्हतं.

पण मशीनमध्ये सापडलेली एक करंगळी माझ्या चांगली ओळखीची होती. माझी आत्या लिफाफ्यांच्या कारखान्यात होती. लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्याकडे दुपारभर रमी खेळायचो आणि आत्या कधी हरायची नाही. मी तिच्या हातांसमोर बसून सात सुट्ट्या काढल्या. पुढे आरशासमोर मला चालीचा ‘शोध’ लागला, तेव्हा करंगळी आपोआप उभी राहिली होती. मी तिला प्रतिभा समजलो. आणि आत्याच्या मनगटाचं प्लास्टर दोनच महिन्यांपूर्वी निघालं होतं.

पंचांनी निकाल दिला: दोघांनीही रविवारपर्यंत मूळ नाव द्यावं, नाहीतर चाल पुस्तकातून बाद आणि दोघंही ग्रुपमधून बाद.

शनिवारी आत्याकडे गेलो. ती खिडकीशी बसून रबरी चेंडू दाबत होती.

“आत्या, रमीत तू तळाचं पान काढायचीस?”

“आत्ता कळलं होय? अगदी माझ्या भावावर गेलास. त्यालाही सगळं उशिराच कळायचं.”

मी सगळं सांगितलं. “आता तुझं नाव देणार आहे. पुस्तकात छापून येईल.”

तिचे डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं. तिने चेंडू बाजूला ठेवला.

“खबरदार!”

“अगं, मान आहे तो.”

“कसला डोंबलाचा मान? दर गुरुवारी खालच्या तिघी खेळायला येतात. अकरा वर्षं झाली. मी अजून काढते ते पान.”

“अजून फसवतेस त्यांना?”

“दर डावाला नाही रे. फारच रद्दी पानं आली तर. एकीची सून दिवसभर इंटरनेटवर पडलेली असते. तिने वाचलं की संपलं. माझ्या दाराशी कुत्रं फिरकणार नाही.”

“पण नाव नाही दिलं तर मी चोर ठरेन.”

“ठर की! तुला घरी माणसं आहेत, दुकानात माणसं आहेत. मला गुरुवार आहे.”

मग तिच्यासमोर बसूनच फोनवर मजकूर लिहिला आणि वाचून दाखवला: ‘ही चाल माझी नाही, माझ्या एका जवळच्या, वडीलधाऱ्या व्यक्तीची आहे.’

“वडीलधाऱ्या काढ. माझं वय कळतं.”

काढलं.

“जवळच्या पण काढ. तुझ्या जवळचं आहेच कोण? लगेच ओळखतील.”

“मग ‘एका व्यक्तीची’ एवढंच ठेवतो.”

“व्यक्ती म्हटलं की कोण व्यक्ती, हे आलंच. उडव ते.”

उरलं ते ‘ही चाल माझी नाही’. चार परिच्छेदांच्या लेखकाने ते तसंच पाठवलं.

रविवारी सकाळी उत्तरं आली. “वाटलंच होतं,” असं तिघांनी लिहिलं. एकाने दुर्लक्षित नागरिकाला श्रद्धांजली वाहिली, तिला बावन्न जणांनी अंगठा दाखवला. माझ्या कुठल्याच चालीला इतके अंगठे मिळाले नव्हते. दुपारी पंचांनी मला काढलं. त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनीही नाव दिलं नव्हतं, त्यांनाही काढलं.

संध्याकाळी त्यांचा स्वतंत्र निरोप आला. “तुम्हाला नाव माहीत आहे ना?”

“छे,” मी लिहिलं. त्या आठवड्यात मी सफाईने केलेली ही एवढीच गोष्ट.

त्यांचं उत्तर आलं, “मग मलाही नाही.”