तिसऱ्या कॅमेऱ्याची तांत्रिक अडचण

‘तांत्रिक अडचणीमुळे’ अशी ज्याची सुरुवात, ते निवेदन खोटं बोलायचाही कंटाळा आलेल्या माणसाने लिहिलेलं असतं, असं मी एकदा माझ्या तक्रारींच्या पत्रकात छापलं होतं. पाणी सुटलं नाही, तांत्रिक अडचण. दाखला मिळाला नाही, तांत्रिक अडचण. कुठली अडचण, कुठल्या यंत्रात, कुणामुळे? हे कुणी विचारत नाही. मी विचारते, म्हणून काही कार्यालयांत मला बघितलं की चहाची सुट्टी होते.

आणि गेल्या हिवाळ्यात एका सकाळी, वारज्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात, मी स्वतः जोडलेल्या संगणकासमोर उभी होते. दोन कॅमेरे चालू, तिसरा काळाठिक्कर. शेजारी माझी मैत्रीण. तिने फोनवर टाइप करून मला दाखवलं, “काय झालं?” माझ्या बोटांवर उत्तर आलं होतं, तेच नेमकं. मी ते टाइप केलं नाही. एवढी लाज मला आहे.

ही मैत्रीण अमरावतीकडची. लग्न होऊन पुण्यात आली, नवरा कारखान्यात, मुलगी तीन वर्षांची. घरी बसून ती लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, फार वेगात आणि बऱ्यापैकी तिखट. मला तिची भाषा अर्धीमुर्धी येते, म्हणून आमचं बाकीचं बोलणं फोनवर लिहून चालतं.

तिचं म्हणणं साधं होतं. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात नंबर तोंडाने पुकारतात. मुलीला ताप असताना ती तिथे सकाळभर बाकावर बसून राहिली. नंबर पुकारला गेला, तिला कळला नाही. परत खिडकीवर विचारायला गेली तर “पुकारला की या.” डॉक्टर उठले तेव्हा ही अजून बाकावरच. तिला दवाखान्यात नंबर दाखवणारा एक लाल दिव्यांचा बोर्ड हवा होता. बँकेत असतो तसा.

हे आम्ही आधीच्या एका ऑनलाइन बैठकीत मांडलं होतं. आम्ही म्हणजे चार फोन चार कोपऱ्यांत, आणि पलीकडे आरोग्य खात्यातल्या अधिकारी मॅडम. त्या दिवशी एक गोष्ट मला कळली आणि ती मी अजून गिळू शकलेले नाही. त्या बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये जो आवाज करेल त्याचं चित्र मोठं होतं. कुणी खोकलं, ते मोठं. कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली, ते घर मोठं. माझी मैत्रीण पाच मिनिटं हातांनी बोलत होती आणि पूर्ण वेळ टिकलीएवढी होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, “त्यांना काही मांडायचं नव्हतं का?” आणि मग, मी सगळं समजावल्यावर, “असं आहे, त्यांनी सोबत ऐकू येणारं कुणीतरी आणत जावं. आणि आज काही तांत्रिक अडचण दिसतेय.”

पुढच्या बैठकीत तिचं म्हणणं मी वाचून दाखवते, असं मी तिला लिहिलं. तिने एकच शब्द लिहिला, “नको.” मग त्याखाली, “मॅडमना उत्तर मी देणार. तू नाही.”

म्हणून हा घाट. एकच संगणक, त्याला यूएसबीचे तीन कॅमेरे, आणि तिन्हींची चित्रं शेजारी शेजारी जोडून एकच चित्र पलीकडे पाठवायचं. म्हणजे आवाज कुणीही करो, ती दिसणारच. एक कॅमेरा तिच्यावर, एक बोलणाऱ्यांच्या खुर्चीवर, एक जमलेल्या लोकांवर. लोकांवरचा हट्ट माझा. सभागृह भरलंय हे दिसल्याशिवाय कुणी सरळ बसत नाही, असा माझा अनुभव आहे. तिच्यासाठी दुभाषी होता तो अमरावतीत, तिच्या शाळेतल्या बाईंचा मुलगा. ती त्याला दादा म्हणते. पुण्यातही दुभाषी मिळतात, पण तिचे हात तिकडच्या वळणाचे आणि भरवसा दादावर. तो तिकडून तिचे हात बघणार, तिचं बोलणं आवाजात सांगणार आणि मॅडमचं बोलणं तिला हातांनी.

म्हणजे सगळं त्या एका कॅमेऱ्यावर होतं. आणि तोच काळा.

मी आधी कॅमेऱ्यावर संशय घेतला. एकाच दुकानातून उसने आणलेले तिन्ही एकसारखे, एकाच नावाचे. काळा होता तो एकटा लावून बघितला, तर व्यवस्थित. मग दुसऱ्या दोघांपैकी एक काढून तो लावला, तरी व्यवस्थित. कुठलेही दोन लावा, चालतात. तिसरा लावा, जो शेवटी लागेल तो काळा. इथे मला मजा वाटायला लागली. बिघाड वस्तूत नाही, रांगेतल्या जागेत आहे. हे दुखणं मला ओळखीचं वाटत होतं.

तिन्ही वायरी मी एका छोट्या डबीत घातल्या होत्या, एका जागेच्या चार जागा करणारी डबी, हब. डबीतून संगणकात जाणारी वायर मात्र एकच. दोन चित्रं मावत होती, तिसरं मावत नव्हतं. मावत नाही म्हणावं तर पहिल्या दोन कॅमेऱ्यांसमोर तेव्हा होत्या रिकाम्या खुर्च्या. काही हलत नाही, काही घडत नाही, एवढं काय पाठवतायत? मग फोनवर शोधलं, वाचलं, पुन्हा करून बघितलं, आणि उमगलं ते असं. कॅमेरा सुरू होताना आपल्याला जास्तीत जास्त किती जागा लागेल ते सांगतो आणि तेवढी धरून ठेवतो. वापरो न वापरो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. माणूस अजून खाली उसाचा रस पितोय आणि वर सीटवर त्याचा रुमाल बसलाय. दोन कॅमेऱ्यांनी दोन रुमाल टाकले की गाडी भरली. तिसरा आला की कंडक्टर, म्हणजे संगणक, दार लावून घेतो आणि काळा चौकोन दाखवतो.

आणि एवढा मोठा रुमाल टाकायला त्यांना सांगितलं कुणी? मी. आदल्या दिवशी तिन्ही कॅमेऱ्यांना सगळ्यात मोठं, सगळ्यात रेखीव चित्र द्यायला मीच बसवलं होतं. पुरावा कसा स्वच्छ पाहिजे.

मी तिला हे सगळं रुमालासकट लिहून दाखवलं. तिने वाचलं आणि लोकांवरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. “हा लहान कर.”

“लोक ओळखू येणार नाहीत,” मी लिहिलं.

“डोकी मोजता येतील ना? मॅडमना चेहरे कशाला हवेत?”

केला लहान. तिच्या कॅमेऱ्याची वायर डबीतून काढून थेट संगणकाच्या पाठीमागे लावली. त्याआधी संगणकाच्या पुढच्या दोन जागांतही लावून बघितली होती, पण त्या आतून डबीच्याच गल्लीत निघत होत्या. पाठीमागे वेगळी वाट होती. तिसरा चौकोन उजळला. मी टाळी वाजवली.

खिडकीजवळ कॅरम खेळणाऱ्या काकांपैकी एकाने वर न बघता विचारलं, “काही सापडलं का?”

“हो, काका. अडचण सापडली.”

“छान. आमच्याकडे गेली चार वर्षं कपाटाची किल्ली हरवली आहे. जाता जाता बघा.”

मग अमरावतीला दादाला जोडलं. तिने हात वर केले आणि बोलायला लागली. दादा स्क्रीनमध्ये पुढे वाकला. “ओ बाई,” तो मला म्हणाला, “काऊन हो, हात अडकून राह्यले तिचे. वर दिसते, मंग एकदम खाली. मधलं सारं गायब.”

माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. चित्र जरा धक्के खात होतं इतकंच, आणि तेवढे धक्के आपण रोज खातो. आवाज चालू असला की चित्र अडकलेलं आपल्याला चालतं. पण तिचा शब्द हातांच्या चालीतच असतो. मधली चाल गेली की शब्द गेला. मला वाटलं, पुन्हा जागेची मारामारी. मी दुसरे दोन्ही कॅमेरे बंद केले. आता अख्खी गाडी तिची. तरी हात अडकलेलेच.

हे मला कळेना, आणि बैठक जवळ येत होती, तरी खरं सांगायचं तर मला ते सोडवत नव्हतं.

तिने मला बाजूला केलं. स्क्रीनसमोर हात हळू हलवला, जोरात हलवला. बोटांमागे धुरकट शेपूट उमटत होतं. मग तिने वर बघितलं. सभागृहात दोनच ट्यूब, त्यातली एक फडफडणारी. तिने टाइप केलं, “अंधार. लग्नातली वरात अशीच येते माझ्याकडे. उजेड कमी असला की कॅमेरा एकेका चित्रासाठी डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. मग चित्रं कमी निघतात.”

मी कॅमेरा हातात घेऊन वायर पुरेल तिथपर्यंत खिडकीकडे सरकले. खिडकीकडे हात धरला की बोटं स्वच्छ. खोलीकडे वळले की शेपूट. परत खिडकी, परत खोली. मी हे बऱ्याचदा केलं, गरजेपेक्षा जास्तच. पलीकडून दादा ओरडला, “हां, आता दिसून राह्यलं. पण हा हात कोणाचा? हा काही बोलूनच नाही राह्यला.”

म्हणजे तिला खिडकीत बसवायला हवं होतं. आणि खिडकीत कॅरम होता. केंद्र सुरू झालं तेव्हापासून कॅरम खिडकीतच, कारण सोंगट्यांना उजेड लागतो. त्यांचं आणि आमचं कारण तंतोतंत एकच होतं, म्हणून भांडायलाही जागा नव्हती.

“काका, आपण जरा ही जागा देता का? बैठकीपुरती.”

“राणी घेतली आहे,” मघाचेच काका म्हणाले. “कव्हर व्हायची आहे.”

“किती वेळ लागेल?”

“ते समोरच्यांना विचारा. त्यांची बोटं १९८० पासून थरथरतायत, फक्त माझ्या राणीच्या वेळी थांबतात.”

समोरचे काका म्हणाले, “अहो, द्या ना पोरींना जागा. हरताय म्हणून बसून राहू नका.”

माझ्या डोक्यात अख्खं पत्रक तयार झालं होतं, सार्वजनिक जागा कुणाच्या मालकीच्या वगैरे. मैत्रीण पुढे झाली. तिने खिशातून फोन काढलाच नाही. पट वाकून बघितला, आणि काळी सोंगटी कशी मारली तर कव्हर होईल ते बोटाने कडेपर्यंत रेघ ओढून दाखवलं. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग पटाकडे. त्यांनी मारलं. नाही गेली. पण पट उचलायला ते स्वतः उठले. “हिची आयडिया बरोबर होती,” ते म्हणाले, “नेम माझा गेला.”

मॅडम ठरल्यापेक्षा उशिरा आल्या. आमचं चित्र त्यांच्या स्क्रीनवर गेलं. डावीकडे खिडकीच्या उजेडात ती, उजवीकडे बोलणाऱ्यांची खुर्ची, खाली चिंचोळ्या पट्टीत डोकी. त्यात चार काकाही होते.

ती बोलायला लागली आणि दादाचा जाड आवाज सभागृहात घुमला, “मी दवाखान्यात सकाळपासून बसली होती. माझ्या पोरीला ताप होता.” मॅडम गोंधळल्या. “हे कोण बोलतायत?”

“मीच बोलून राह्यली,” दादा म्हणाला. तिचे हात तेच म्हणाले होते.

तिने बाक सांगितला, खिडकी सांगितली, “पुकारला की या” सांगितलं. हात एकदाही अडकले नाहीत. मॅडमनी नेहमीचं काढलं. “दादा, त्यांना सांगा…”

“मले नका सांगू, तिच्याकडे पाहून बोला,” दादा म्हणाला.

मॅडमनी मान वळवली. मग बहुधा पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “घरात ऐकू येणारं कुणीच नाही का? तुमची मुलगी ऐकते ना?”

तिने हात उचलले. 

“ऐकते,” दादा म्हणाला. “ती तीन वर्षांची हाय. नंबर तेविसावा होता. तिले दहापर्यंतच मोजता येते. कृपया बोर्ड लावून द्या.”

मॅडम वाद घालायच्या थांबल्या. “बोर्डाचं मी बघते,” त्या म्हणाल्या. ‘बघते’ या शब्दावर माझा विश्वास नाही आणि मी तिथल्या तिथे तारीख मागितली. त्यांनी पुढच्या बैठकीची दिली, त्या दिवशी बोर्ड कुठे बसणार ते सांगते म्हणाल्या. त्या निघून गेल्यावर मी मैत्रिणीला सगळं फोनवर लिहून दिलं, मॅडमचा प्रत्येक शब्द आणि तिचाही, दादाने सांगितला तसा.

ती वाचत शेवटापर्यंत आली आणि तिने एका शब्दावर बोट ठेवलं. “त्याने ‘कृपया’ म्हटलं?”

“हो.”

“मी म्हटलं नव्हतं.”

अमरावतीचं चित्र अजून चालू होतं. दादाने तिचा चेहरा बघितला आणि खुर्चीत मागे सरकला. ती खिडकीतल्या खुर्चीवर परत बसली आणि दोन्ही हात उचलले. मी वायरी काढायला वाकले होते, तशीच थांबले. काय चाललं होतं ते मला निम्मंही कळलं नाही, पण कॅमेरा एकही बोट सोडत नव्हता.