वडील म्हणून

काल गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये पपांचा काळा कोट ट्रंकेतून काढला आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी करोल बागेजवळच्या आमच्या सरकारी क्वार्टरमधली ती दुपार समोर उभी राहिली.

मी तेव्हा नऊ वर्षांची. पपा आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या तीन वडिलांपैकी एक. चर्चचे निर्णय घेणाऱ्यांना आमच्यात वडीलच म्हणतात. त्या दुपारी त्यांनी एरवी चर्चच्या बैठकीलाच घालायचा तो काळा कोट घरातच चढवला, तेव्हा आईने चहाचं आधण स्टोव्हवरून उतरवलं. मग बाकीचे दोघे आले, आणि पपा आपली वेताची खुर्ची सोडून त्यांच्या ओळीत जाऊन बसले. समोर ताई उभी होती. ऑफिसमधल्या एका हिंदू मुलाशी तिने रजिस्टर लग्न ठरवलं होतं.

"पपा, तुम्ही तरी बोला ना," ती म्हणाली.

"मी इथे वडील म्हणूनच बसलोय," पपा म्हणाले.

मला हायसं वाटलं. ताईलाही वाटलं असावं, कारण ती एक पाऊल पुढे आली. पपांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिचं नाव मंडळीतून कमी केल्याचं वाचून दाखवलं.

पपा खोटं बोलले नव्हते. आम्ही दोघींनी त्या शब्दाचा घरातला अर्थ घेतला होता, आणि ते कोट घालून बसले होते.