शिंगांसाठी ठोकलेला खिळा

न्यू लिनला आमच्या शेजारी एक म्हातारा किवी शिकारी राहतो. बोलतो इतकं हळू, जणू कुंपणापलीकडे हरीण ऐकतंय. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिंगांसाठी त्यानं गॅरेजमध्ये ठोकलेला खिळा कित्येक वर्षं रिकामाच होता. शिकारीला वाकाटिपूला जावं की स्टुअर्ट आयलंडला, हे तो दर वर्षी मला विचारायचा आणि मी तोंड उघडायच्या आत नकाशाची घडी घालायचा. यंदा आयलंड ठरलं. माझा नवराही हौसेनं गेला.

परतले ते दोघंही रिकाम्या हातांनी.

“झालं काय?” मी खडसावलं.

“झुडपात तपकिरी काहीतरी हललं. बंदूक रोखली,” शेजारी म्हणाला. “पण डोकं दिसेना. डोकं दिसल्याशिवाय मी चाप ओढत नाही.”

नवरा पुटपुटला, “उकडत होतं गं. माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालायचं ते नारिंगी जॅकेट काढून नुसत्या स्वेटरवर होतो.”

स्वेटर तपकिरी होता.

नकाशा शेजाऱ्यानं पुन्हा उघडलेला नाही. शिंगांच्या खिळ्यावर आता नवऱ्याचं जॅकेट लटकतंय.