वजनाचं निमित्त

भाकर सोडा म्हणून सांगणाऱ्यानं आधी आमच्या अनसिंगात यावं आणि माझ्या मायच्या समोर पाटावर बसून भाकर सोडून दाखवावी. मोबाईलमध्ये बोलायला काय लागतं? मी सोडली होती, म्हणून बोलते. तीही बारीक दिसण्यासाठी नव्हे. पंचेचाळिशी उलटलेली, लग्न न केलेली, दिवसभर मशीनवर बसून गावभरच्या बायांचे ब्लाऊज शिवणारी बाई मी. मला कोण पाहायला येणार होतं? माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आणि त्याला द्यायला घरात फक्त माझी जुळत होती. मायला शुगर, भावजयीचा रक्तगट वेगळा. उरले मी.

नागपूरच्या डॉक्टरांनी माझे कागद पाहिले, मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, बाकी ठीक दिसतंय, पण आधी वजन उतरवा, मग पुढच्या तपासण्या. एवढ्या वजनात ऑपरेशन करणं तुम्हालाच धोक्याचं, आणि मागे राहिलेल्या एका किडनीवरही भार. कसं उतरवायचं ते मात्र त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. कमी खा, चाला. परतीच्या गाडीत मी भावाकडे पाहत नव्हते आणि तो माझ्याकडे पाहत नव्हता.

भाऊ वाशिमला राहतो. डायलिसिसला जातो आणि पिळून दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखा होऊन घरी येतो. तो मला कधी काही विचारत नसे. विचारायची ती भावजय. रोज सकाळी फोन. ताई, आज किती भरलं? माझा जीव तिथंच टांगणीला लागायचा. एखाद्या बाईनं सकाळी उठून चहाआधी, सासरी हिशेब द्यावा तसं, आपलं वजन कुणाला तरी कळवायचं, म्हणजे काय वैताग असतो ते मी सांगते. पण तिचा तरी काय दोष? तिचा नवरा होता.

पहिलं वजन मी बाजारातल्या भुसार दुकानात केलं, पोती मोजायच्या काट्यावर. घरात काटा नव्हता आणि मला धीर नव्हता. सोयाबीनची आवक सुरू होती, दुकानात ही गर्दी. मी चपला काढून चढले तर तिथला हमाल म्हणतो, “ताई, पोत्याचा बारदाना वजा करू का?” सगळे हसले, मीही हसले, आणि माझ्या शिवणाच्या दुकानात परत येऊन एका बाईचं काखेचं माप चुकवलं.

मग भावजयीनं काटा पाठवला, आणि काट्यासोबत तिची पद्धत. धान्य बंद. ज्वारी नाही, गहू नाही, भात नाही, साबुदाणा नाही, साखर, गूळ, बटाटा काही नाही. अंडी खा, पनीर खा, पालेभाजी पोटभर खा, तेला-तुपाची भीती बाळगू नका. ती रोज व्हिडिओ पाहायची, त्यामुळे तिला सगळं पाठ. मी सुरू केलं. पहिल्या पंधरवड्यात काटा असा भराभर उतरला की भावजय फोनवर रडली. नंतर कळलं की सुरुवातीला जातं त्यात पाणीच जास्त असतं. पण तेव्हा कुणाला पडली होती! माझं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि चिडचिड अशी की गिऱ्हाईक दारात दिसलं की आधी डोक्यात तिडीक जायची. भूक म्हणावी तर नव्हती. पोट भरलेलं असायचं आणि तरीही जेवल्यासारखं वाटायचं नाही. संध्याकाळी शेजारच्या चुलीवरच्या भाकरीचा वास आला की मी उठून बसस्टँडच्या रस्त्यानं चालायला निघायची. लोक म्हणायचे, काय चालते ही बाई! मी वासापासून पळत होते.

मग काटा थांबला. हलेना म्हणजे हलेना. भावजय म्हणाली, ताई, तुमी काहीतरी खाऊन राह्यल्या. मी म्हटलं, खाल्लं असतं तर निदान तोंडाला चव तरी आली असती! मग एके दिवशी मी ताटातली अंबाडीची भाजी नीट पाहिली. पोटभर पालेभाजी म्हणून मी ती वाडगं वाडगं खात होते. आमच्याकडे अंबाडी कण्या घालून शिजवतात. ज्वारीच्या कण्या. अर्धी भाजी, अर्ध्या कण्या. भाकर दारातून घालवली आणि ती मागच्या दारानं वाडग्यात येऊन बसली होती. मी मायला विचारलं, तर ती म्हणाली, “बिगर कण्याची अंबाडी कोणी खाते काय?” तेही खरंच. जन्मभर तशीच खाल्ली होती. मला स्वतःचंच हसू आलं, आणि मी विषय सोडून दिला.

भावजयीच्या पद्धतीवरून माझं मन उडालं. शिवाय वाशिमच्या दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एका बाईंनी बजावलं होतं की किडनी द्यायची आहे तर अंड्या-पनीरचा असा मारा करू नका. मी त्यांना सरळ विचारलं, बाई, एकदाचं सांगा, धान्य सोडायचं की मोजून खायचं? त्या म्हणाल्या, दोन्हींनी उतरतं, कारण दोन्हींत शेवटी पोटात कमी जातं. जे तुम्हाला महिनोन्महिने निभेल ते करा. मला राग आला. मी रस्ता विचारायला गेले आणि त्यांनी दोन्ही रस्ते दाखवून मला नाक्यावर सोडलं.

मी मोजायचं ठरवलं. मोबाईलमध्ये कॅलरी मोजायचं ॲप घेतलं. सगळं खायचं, पण सगळं मोजून. पहिल्या दिवशी भाकर खाल्ली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं का बोलू. पण त्या ॲपला आमची भाकर कुठं ठाऊक! त्यातली भाकर म्हणजे तळहाताएवढी. मायची भाकर परातीला भिडते. शेवटी मी मायला सांगितलं, भाकरीचा अंदाज लागत नाही, तू मला गव्हाचे फुलके कर, लहान, कोरडे, मोजता येतील असे. भाजीचं तेल चमच्यानं मोजून घाल. माय बरं म्हणाली. एवढ्या लवकर ती आयुष्यात कधी बरं म्हणाली नव्हती, पण तेव्हा मला ते खटकलं नाही.

मोजण्याचा त्रास निराळा. धान्य सोडलं होतं तेव्हा फक्त नाही म्हणायचं होतं, एकदा म्हटलं की सुटका. इथं दिवसभर हिशेब. कुणी चिमूटभर चिवडा हातावर ठेवला की तो तोंडात जायच्या आधी डोक्यात जायचा. बाहीचा घेर लिहिता लिहिता मी फुलक्यांचा आकडा लिहून बसायची. मात्र डोकं दुखेनासं झालं, झोप लागायला लागली, मायसोबत बसून जेवता यायला लागलं. मला हेच निभेल असं वाटत होतं. फक्त काटा ऐकत नव्हता. ॲप म्हणे, तुम्ही उत्तम खाता. काटा म्हणे, तिथंच आहे. भावजय म्हणे, पाहा, मी म्हणत होते ना, धान्यच सोडा. आमची फोनवर भांडणं होऊ लागली. ती कार्ब म्हणायची, मी कॅलरी म्हणायची, आणि तिकडे ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

आता एक सांगते, जे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी मी डोळे मिटून काट्यावर चढायची. आकडा तोच दिसला की वाईट वाटायचं, भावाचं तोंड डोळ्यांसमोर यायचं. पण त्या वाईट वाटण्याच्या आधी, एका श्वासाएवढं, मला सुटल्यासारखं वाटायचं. अजून थोडे दिवस कुणी कापणार नाही. मी भित्री बाई आहे. बोटात सुई घुसली तरी मला भोवळ येते. ते सुटल्यासारखं वाटणं आलं की मला माझीच किळस यायची, आणि मग मी दिवसभर एका जागी बसू शकत नसे. मशीन सोडून उठायची, पुन्हा बसायची, दोरा तुटायचा.

त्या दिवशी दुपारीच लाईट गेली. गिऱ्हाईकही नव्हतं, म्हणून मी दुकानाचं शटर ओढून घरी आले. माय स्वयंपाकघरात पाठमोरी बसली होती. समोर परात, परातीत गव्हाचं पीठ, आणि ती पातेल्यातून पातळ केलेलं तूप पिठात ओतत होती. शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन घालतात ना, तसं. मग दोन्ही हातांनी चोळून चोळून तिनं ते पिठात मुरवलं, असं की वरून काही दिसू नये. बाजूला वाटीत शेंगदाण्याचं कूट बारीक वाटून ठेवलेलं होतं, माझ्या मोजून तेल घातलेल्या भाजीत मिसळायला. मी दारात उभी. इतके दिवस मी म्हणत होते, काय मऊ होतात हिचे फुलके!

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आवाज गल्लीत गेला असणार. तुझा पोरगा तिकडे मरून राह्यला आणि तू मला तूप चारतेस, असं मी म्हणाले, एवढं आठवतं. कण्यांचंही विचारलं. माय नाही म्हणाली नाही. मी धान्य सोडलं तेव्हापासून ती भाजीत दुप्पट कण्या घालत होती. तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

“त्याले दे म्हणू, तर माह्याच तोंडानं तुले कापा म्हणू,” ती म्हणाली. “देऊ नको म्हणू, तर त्याले मर म्हणू. तूच सांग, मी काय म्हणू? वजनाचं निमित्त झालं असतं तर कोणाच्याच माथी आलं नसतं.”

मी म्हणाले, माझ्या माथी आलं असतं ना. मला वाटत होतं मीच कुठं कमी पडतेय.

“तू काट्यावरून उतरते तेव्हा तुह्या तोंडाकडे मी रोज पाहून राह्यली,” माय म्हणाली. “तुले भेव वाटते, बाई. तुह्या भेवालेच मी तूप घालत होती.”

मी खाली बसले. माझं भांडण संपलं. जे मी स्वतःशी धड बोलले नव्हते ते माझ्या मायनं रोज सकाळी पाहिलं होतं, आणि ते झाकायला सगळा दोष स्वतःच्या परातीत घेतला होता. मग मी तिला म्हणाले, हो, मला भीती वाटते. फार वाटते. पण मला द्यायची आहे. भीती वाटली तरी द्यायची आहे. हे वाक्य मी डॉक्टरांसमोर बोलले होते, भावजयीसमोर बोलले होते, पण त्या दोन्ही वेळा पहिला अर्धा भाग गिळला होता. माय रडली. मीही रडले. मग तिनं ती परात उचलली, ते पीठ भाजून गूळ घालून वड्या थापल्या आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या.

रात्री तिनं नवं पीठ भिजवलं, माझ्यासमोर, नुसत्या पाण्यात. फुलके कडक झाले. मी ते मोजून खाल्ले.

त्यानंतर काटा उतरायला लागला. हळूहळू, भावजयीच्या पद्धतीनं उतरला होता तसा धावत नव्हे, पण उतरला की तिथंच राहायचा. भावजय आता कार्बचं नाव काढत नाही. राहिलेल्या तपासण्यांना नागपूरला बोलावलंय, पुढच्या सोमवारी. भावाला सांगितलं तर त्यानं फोनवर एवढंच विचारलं, ताई, जेवली का?

माय हल्ली सकाळी माझ्याआधी काट्यापाशी येऊन उभी राहते. तिला आकडा वाचता येत नाही, तो मीच वाचून दाखवते. उतरला म्हटलं की ती डोळ्यांना पदर लावते, नाही उतरला म्हटलं तरी पदर लावते. मग आत जाते आणि माझ्यासाठी कोरडे फुलके लाटायला बसते.