परडीतला चष्मा

दुपारी मी कॉम्प्युटरवर लपलेल्या वस्तू शोधायचा खेळ खेळत होते. कुठल्याशा परक्या दिवाणखान्यात, झुंबरात अडकलेली किल्ली मला चटकन दिसली. मागून सासूबाईंनी विचारलं, “अगं, माझा चष्मा पाहिलास का?”

“असेल तिथंच, नीट बघा,” मी मान न वळवता म्हणाले.

खेळात एखादी वस्तू बराच वेळ सापडली नाही, तर ती आपणहून चमकते. तेवढी दया त्या यंत्रालाही असते. वळून पाहिलं, तर सासूबाई फळीवर चाचपडत होत्या. चष्मा देवापुढच्या फुलांच्या परडीत होता. पूजेनंतर तो रोज तिथंच राहतो, हे मला ठाऊक होतं. तो काढून त्यांना देताना माझी मान वर होईना. चष्मा लावून त्यांनी माझ्या खेळाकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, “तुझं काय हरवलंय गं?”