कोपऱ्यातली जागा

कॉलेजात बाईंना सगळे ‘दोन मार्क’ म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती प्राचार्यांचीही नव्हती. बाई एकतीस वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवत होत्या, आणि शीट हातात आली की त्यांची नजर आधी खालच्या उजव्या कोपऱ्यात जायची. तिथल्या चौकटीत नाव, तारीख, प्रमाण आणि एक बारकं चिन्ह असावं लागतं: टोक छाटलेला शंकू आणि त्याच्या शेजारी एकात एक दोन वर्तुळं. ते चिन्ह नसलं की बाकी ड्रॉइंग कितीही देखणं असो, दोन मार्क कापले. रडा, भांडा, वडिलांना घेऊन या. दोन म्हणजे दोन.

चिन्हाचं काम साधं होतं. वस्तू डावीकडून कशी दिसते, ते काही देशांत समोरच्या चित्राच्या उजवीकडे काढतात आणि काही देशांत डावीकडे. दोन्ही पद्धती बरोबर. दोन्हीकडचे पूल उभेच आहेत. आपण कुठल्या पद्धतीने काढलंय एवढं फक्त सांगायचं. न सांगितलं तर वाचणारा आपल्या सवयीने वाचतो, आणि वस्तू आरशातल्यासारखी उलटी तयार होते. बाई हे दर वर्षी पहिल्या आठवड्यात शिकवत आणि मुलं ते दर वर्षी दुसऱ्या आठवड्यात विसरत. इथे सगळेच एका पद्धतीने काढणारे, मग सांगायचं कोणाला?

तेवढ्यात कॉलेजला आंतरराष्ट्रीय व्हायचा झटका आला.

समुद्रापलीकडच्या एका कॉलेजाशी करार झाला. प्राचार्यांनी जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी करवली, तिथे दोन खुर्च्या आणि एक पृथ्वीचा गोल ठेवला आणि दारावर ‘आंतरराष्ट्रीय कक्ष’ अशी पाटी ठोकली. गोल जुना होता, त्याच्यावरचे दोन-तीन देश आता उरलेले नव्हते. पण दार बहुतेक वेळ बंदच असायचं, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.

करारात एक काम ठरलं. हाताने फिरवायचा पाण्याचा पंप दोन्हीकडच्या मुलांनी मिळून बनवायचा. ड्रॉइंग इथे काढायचं, पंपाचं धड तिकडच्या वर्कशॉपमध्ये तयार होणार, झाकण इथल्या. ड्रॉइंग कागदावर, हाताने काढायचं, अशी तिकडच्या सरांचीच अट होती. परक्या माणसाने काढलेलं ड्रॉइंग नुसतं वाचून वस्तू बनवायला मुलांनी शिकावं, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंना हा माणूस न बघताच आवडला. पुढे स्क्रीनवरच्या मीटिंगमध्ये त्याचे विद्यार्थी त्याला सरळ एकेरी नावाने हाक मारताना ऐकले, तेव्हा थोडा कमी आवडला.

त्या मीटिंगा म्हणजे एक तमाशा होता. तिकडचे सर दर वेळी विचारत, “काही शंका?” इकडची अख्खी खोली माना डोलवायची. शंका ढीगभर होत्या, पण प्राचार्यांनी आधीच दम भरला होता: “काही विचारू नका. यांना एवढंही येत नाही असं वाटेल त्यांना.” तिकडची मुलंही काही विचारत नव्हती. तासभर दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघून हसायचे आणि मीटिंग यशस्वी व्हायची.

ड्रॉइंग काढलं खोडरबरने. खोडरबर म्हणजे शेवटच्या वर्षाची एक किडकिडीत मुलगी. एक रेघ काढायची, तीनदा खोडायची, पण चौथी रेघ अशी यायची की बाईंना गुपचूप हेवा वाटायचा. काम नीट झालं तर ती सहा महिने तिकडे शिकायला जाणार होती. घराण्यात कोणी जिल्ह्याबाहेरही शिकायला गेलेलं नव्हतं. तिच्या आईने बॅग आत्ताच आणून ठेवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती उघडून दाखवत होती.

शीट पुरी झाली त्या दिवशी प्राचार्य ड्रॉइंग हॉलमध्ये आले. “वा! आता त्या चौकटीत दोन्ही कॉलेजांची बोधचिन्हं टाका. मोठी टाका. फोटोत दिसली पाहिजेत.”

चौकट तळहाताएवढी. एक बोधचिन्ह बसलं, दुसऱ्याला जागा उरेना. खोडरबर पेन्सिल हातात धरून थांबली. “बाई, मग आपलं ते शंकूचं चिन्ह खोडावं लागेल. खोडू?”

बाईंनी चौकटीकडे बघितलं. ‘तपासले’ या शब्दापुढे त्यांची सही होती. एकतीस वर्षांत त्यांची सही विद्यापीठाच्या पलीकडे कुठे गेली नव्हती. आता समुद्र ओलांडून जाणार होती, दोन बोधचिन्हांच्या मधोमध. “खोड,” त्या म्हणाल्या.

“पण बाई, त्यांना कळेल ना कुठली पद्धत...”

“अगं, कळेल! एवढे मोठे लोक आहेत ते. खोड आणि बसव बोधचिन्ह. सर उभे आहेत.”

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सहीचं सांगितलं. नवरा शिंपी. खालच्या मजल्यावर दुकान, वर घर. तोंडातली टाचणी काढून तो म्हणाला, “मी शिवलेला कोट घालूनही एक जण परदेशी गेला होता. अजून परत आलेला नाही.”

“तुमचं आपलं काहीतरीच,” बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या खुशीत होत्या.

चार महिन्यांनी पाहुणे आले. एकेरी नावाचे सर, त्यांच्या एक सहकारी बाई आणि लाकडी खोक्यात पंपाचं धड. हॉलमध्ये टेबलावर निळं कापड, भिंतीवर मोठं करून लावलेलं ड्रॉइंग, फोटोग्राफर खुर्चीवर चढलेला. प्राचार्यांनी मैत्रीवर वीस मिनिटं भाषण ठोकलं. मग वर्कशॉपचे मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी झाकण धडावर ठेवलं.

बसेना.

फिरवलं, बसेना. आठ भोकांपैकी दोन जुळत, सहा रुसत. मिस्त्रींनी हळूच हातोडी मागवली, प्राचार्यांनी डोळे वटारून ती परत पाठवली. शेवटी मिस्त्रींनी झाकण उलटं करून ठेवलं आणि चमत्कार झाला, आठही भोकं पटापट जुळली. टाळ्याही पडल्या. पण झाकणावरचा फिरवायचा दांडा आता पंपाच्या पोटात गेला होता. हा पंप चालवायचा तर माणसाला आत बसावं लागलं असतं.

बाईंनी मात्र टाळ्यांच्या आधीच धड नीट बघितलं होतं. पाण्याचं तोंड उजवीकडे हवं, ते डावीकडे होतं. सगळं धड आरशातलं होतं, आणि माप एकही चुकलेलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. कोपऱ्यात दोन बोधचिन्हं झळकत होती, आणि शंकूचा पत्ता नव्हता.

पाहुण्या सरांनीही तिकडेच बघितलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी शांतपणे विचारलं, “हे कोणी काढलं?”

प्राचार्य बाईंच्या कानाशी आले. “बाई, मुलगी चिन्ह विसरली म्हणून सांगू. विद्यार्थीच आहे, समजून घेतील. तुमची सही आहे हो त्याच्यावर. कॉलेजची अब्रू जाईल.”

“आणि तिचं जाणं?”

“पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार, हे दोघांनाही माहीत होतं. बाई तोंड उघडणार तेवढ्यात खोडरबर पुढे झाली. मान खाली, पण आवाज स्वच्छ. “मी काढलं. चिन्ह टाकायला मी विसरले.”

ती बाईंकडे बघतही नव्हती. तिने एकदा चोरून जरी बघितलं असतं, तरी बाईंना सोपं गेलं असतं.

परकी भाषा बाईंना वाचता यायची, ऐकलेली निम्मी कळायची आणि बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप लागायचं. त्यांनी भाषेचा नाद सोडला. पर्समधून लाल पेन्सिल काढली, तरातरा भिंतीपाशी गेल्या आणि कोपऱ्यात, स्वतःच्या सहीच्या शेजारी, ठसठशीत ‘उणे दोन’ लिहिलं. मग वळल्या.

“ही खोटं बोलतेय. हिने विचारलं होतं मला. मीच म्हटलं, खोड. सांग त्यांना.”

खोडरबरने नकारार्थी मान हलवली.

“सांग म्हणते ना! शब्दाला शब्द सांग.”

मुलीने सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. प्राचार्य छताच्या पंख्यात काहीतरी शोधू लागले.

पाहुणे सर भिंतीपाशी जाऊन कोपरा बघून आले. मग त्यांच्या सहकारी बाईच म्हणाल्या की कोपरा रिकामा आहे हे त्यांच्याही मुलांनी बघितलं होतं. पण काम सुरू होण्याआधी सगळ्यांना अर्ध्या दिवसाचं शिक्षण देण्यात आलं होतं: परक्या संस्कृतीशी कसं वागावं. त्यात सांगितलं होतं की या लोकांना सरळ प्रश्न विचारू नका, अपमान वाटतो. म्हणून त्यांनी विचारलं नाही.

आधी मिस्त्री हसले. मग दोन्हीकडचे सगळेच हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना एकमेकांची भाषा कळली. पाहुण्या सरांनी खोडरबरकडे बोट केलं आणि म्हणाले, “या सगळ्या प्रकरणात प्रश्न विचारणारी एवढी एकच व्यक्ती आहे. ही आम्हाला हवी.”

घरी बाईंनी सगळं सांगितलं. नवरा ऐकून म्हणाला, “दोन्ही बाह्या डाव्या कापण्यातला प्रकार. मीही केलाय. तीनदा.”

“मला कधी सांगितलं नाहीत ते?”

“तू मार्क कापले असतेस.”

जायच्या आदल्या दिवशी खोडरबर ड्रॉइंग हॉलमध्ये आली. बाई पहिल्या वर्षाच्या शीट तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “तिकडे गेल्यावर तोंड मिटून बसायचं नाही. मूर्ख दिसलीस तरी विचार. माझ्यासारखी कोणी गप्प बस म्हणाली तरी विचार.”

“विचारू?”

“विचार की.”

“बाई, त्या दिवशी तुम्ही मला खोड का म्हणालात? प्राचार्य उभे होते म्हणून?”

बाईंची पेन्सिल थांबली. हो म्हणून सुटता आलं असतं; प्राचार्य होतेच तसे.

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “मला कधी कुठे जायला मिळालं नाही. वाटलं, निदान सही तरी जाईल. ती छान दिसत होती तिथे.”

खोडरबरने पिशवीतून एक कोरी शीट काढली, टेबलावर पसरली, आणि कोपऱ्यात चौकट आखून आधी शंकू काढला, मग दोन वर्तुळं. एकदाही न खोडता. नंतर शीट बाईंपुढे सरकवली.

“तिकडचं पहिलं ड्रॉइंग याच्यावर काढणार आहे,” ती म्हणाली. “‘तपासले’ म्हणून इथे आत्ताच सही करून द्या.”

“कोऱ्या शीटवर सही करत नाहीत,” बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून पेन शोधू लागल्या.