खाडीपलीकडचा पत्ता

बाबलीविषयी दत्ताराम केरकराला फारसं काही माहीत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सरकारी कागदावर दत्ताराम तीन वर्षं बाबलीच्या घरात राहत होता. प्रत्यक्षात त्या घराचा उंबरा त्याने दोन-तीनदा ओलांडला असेल. बाबलीला मुलंबाळं होती का, दुखलंखुपलं तर तो कुणाला हाक मारायचा, यातलं काहीच त्याने विचारलं नाही. विचारलं तर ओळख वाढेल, आणि ओळख वाढली तर ती कुणाच्या तरी डोळ्यांवर येईल, अशी त्याला धास्ती.

दत्ताराम वेंगुर्ल्याला एका सरकारी कचेरीत कारकून. स्वभावाने असा, की समोरून पोलीस आला तर सायकलवरून उतरून चालायला लागायचा. बायकोचे, संजनाचे गुडघे धरले. तिला एसटीची पायरी चढवेना. म्हणून २००५ साली गाडी घ्यायचं ठरलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या रविराजच्या अंगात आलं.

रविराजला एकच नाद. काय कुठे स्वस्त मिळतं, ते शोधायचं. पेट्रोल भरावं गोव्यात, कापड घ्यावं बेळगावात, भांडी कोल्हापुरात. कुठली नगरपालिका घरपट्टी किती घेते, हेही त्याला तोंडपाठ.

"भाऊनू, येडे काय तुमी?" तो म्हणाला. "खाडी एकच, पाणी एकच, बांगडो पण तोच. हडे एक कर आणि थडे दुसरो. गाडी गोव्यात घेवा. वाचलेल्या पैशात वयनीचे दोनय गुडगे नवे येतले."

"आणि पत्तो?"

"पत्तो मी देतंय मा!"

तो पत्ता बाबलीचा. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, सासूच्या घरात तो राहायचा. खाडीत जाळं टाकायचा, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढायचा. दत्ताराम त्याच्याकडे गेला तेव्हा तो बाहेरच्या पायरीवर जाळं सांधत बसला होता. भाडं म्हणून दत्तारामाने नोटा पुढे केल्या. त्या त्याने न बघता सासूच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "भाऊनू, तुमचो एक जुनो शर्ट दिया."

"शर्ट? कित्याक?"

"माणूस रवता म्हटल्यार दोरयेर काय तरी दिसाक व्हया मा? शेजारी काय आंधळे आसत?"

दत्तारामाने पुढच्या खेपेला एक चट्टेरीपट्टेरी शर्ट आणि लुंगी नेऊन दिली. बाबली म्हणे चार-आठ दिवसांनी ते कपडे धुवून वाळत घालायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, आमचो मेव्हणो तो, कामाक गेलो. हे दत्तारामाला मागाहून कळलं. आपल्याआधी आपला शर्ट तिथे खोटं बोलायला लागला, असं त्याला वाटलं.

गाडी आली, पण सुख काही आलं नाही. बाहेरची गाडी इथे ठेवायची तर इथला कर भरावा लागतो, ही गोष्ट रविराजने गाडी आल्यावर सांगितली. "कोण बघता?" असंही वर म्हणाला. दत्ताराम मात्र सगळेच बघताहेत असं धरून चालला. गाडी घरामागे फणसाखाली, वर झावळं टाकलेली. कचेरीत जायचं ते सायकलवरूनच. संजनाला कणकवलीच्या डॉक्टरकडे न्यायचं तर आडवाटांनी, हायवे लागला की घामाघूम.

"ही गाडी तुमी इकत घेतलात, काय खंयसून पळवून आणलात?" संजना विचारायची.

एकदा कणकवलीच्या अलीकडे खाकी माणसाने हात केलाच. काचेतून वाकून त्याने विचारलं, "गोव्याचे का?" दत्ताराम कागद शोधायला लागला. संजनाच पुढे झुकून म्हणाली, "पेडण्याचे आमी. पाय दुखतत माझे, डॉक्टराकडे चल्लंय." त्याने जा म्हटलं. घरी उतरताना ती म्हणाली, "ह्या वयात माका खोटा बोलूक लावलात."

दत्तारामाच्या सेवानिवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. सरकारी नोकराने सरकारचा कर चुकवला, एवढी एक ओळ कुणी साहेबांच्या कानावर घातली, तर चौकशी लागणार, पेन्शन अडकणार. रात्री घराशी कुत्रं भुंकलं तरी तो उठून बसायचा.

मग २००८चा नोव्हेंबर आला. मुंबईवर हल्ला झाला, समुद्रातून माणसं आली, आणि साऱ्या किनाऱ्याची झोप उडाली. पोलीस होड्या तपासू लागले, घराघरांत कोण परका राहतो ते विचारू लागले.

डिसेंबरातल्या एका दुपारी दत्तारामाने मान वर केली, तर कचेरीच्या दारात बाबली. अंगात धुतलेला सदरा, हातात चपला. कचेरीत शिरताना त्या त्याने काढल्या होत्या. आत साहेब बसले होते, रविराज टक लावून बघत होता. आयुष्यात कधी न काढलेल्या आवाजात दत्ताराम म्हणाला, "काय काम आहे आपलं?"

बाबलीनेही आवाज बदलला. "काय नाही, साहेब. जमिनीचा उतारा पाहिजे होता. उद्या येतो."

चहाच्या टपरीमागे गाठून दत्तारामाने विचारलं, तेव्हा बाबलीने सगळं सांगितलं. पोलीस आला होता. भाडेकरू खंय, म्हणून विचारलं. बाबली बोलून गेला, तो माशे मारूक गेलो. कुठल्या होडीवर? ते त्याला सुचलं नाही. त्यातून तो शर्ट दोरीवर, आणि माणूस मात्र कुणीच पाहिलेला नाही.

"उद्या तेका घेवन ये म्हणतत, नायतर तू ये. भाऊनू, तुमची नोकरी आसा, माका कळता. मी सांगान, तो पळान गेलो. पण मगे माका सोडतीत काय?"

दत्ताराम कचेरीत परतला. त्या रात्री त्याला ताप भरला. संजनाला सगळं सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "उद्या गाडी चालवक जमात मा? नायतर मी येतंय वांगडा."

सकाळी तो एकटाच गेला. सरळ हायवेने गेला. नाक्यावर कुणी अडवलं नाही, आणि आज कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. पेडण्याच्या पोलीस ठाण्यात बाकावर बाबली आधीच येऊन बसला होता. त्याचं आडनाव गावडे हे दत्तारामाला तिथे, नाव पुकारलं तेव्हा कळलं.

"राहता कुठे?" अधिकाऱ्याने विचारलं.

बाबलीने दत्तारामाच्या मांडीला हलकेच कोपर लावलं. दत्ताराम म्हणाला, "वेंगुर्ल्यात." आणि एकदा तोंड उघडलं तसं सगळंच बाहेर पडलं. गाडी, कर, शर्ट, लुंगी.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "आम्ही अतिरेकी शोधतो, आणि सापडतं हे! नोकरी कसली?"

"सरकारी."

"म्हणजे पगार ज्यांचा घेता, कर त्यांचाच बुडवता," अधिकारी म्हणाला. महिन्याच्या आत गाडी आपल्या जिल्ह्यात नेऊन नोंदवा, कर भरा, पुन्हा हे नाव इथे दिसता कामा नये, असं बजावून त्याने दोघांना सोडलं.

दत्तारामाने कर भरला, वर दंड भरला. गोव्यात वाचलेलं सगळं त्यात गेलं, आणि जवळचं आणखी थोडं गेलं. साहेबांना कळलं की नाही ते त्याला अखेरपर्यंत समजलं नाही. निवृत्त होईपर्यंत टपाल आलं की तो आधी पाकिटावरचा शिक्का बघायचा. पेन्शन सुरू झाली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

बाबलीकडे जायचं मग कारणच उरलं नाही. जाऊन येऊ एकदा, असं संजना दोन-तीनदा म्हणाली. पुढच्या पावसाळ्यात बाजारात तिसऱ्या विकणाऱ्या एका बाईने सांगितलं, बाबली तापाने गेला. काही माणसं आपल्यासाठी एवढं का करतात हे विचारायचं राहून जातं, आणि विचारलं असतं तरी बाबलीने धड उत्तर दिलं असतं, असं दत्तारामाला वाटत नाही.

त्या दिवशी ठाण्यातून बाहेर पडल्यावर त्याने बाबलीला गाडीतून घरापाशी सोडलं. बाबली उतरला, आत गेला आणि केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी घेऊन आला.

"ताजी कोळंबी आसा. वयनीक व्हरा."

"नको रे. गाडयेत वास येतलो."

बाबली हसला. "बरा तर. सावकाश जावा."

"येतंय," दत्ताराम म्हणाला.